षटकार शेजारच्या घरात आधी का पोहोचतो?

वानखेडेवर भारताचा सामना असला आणि घर चर्चगेट किंवा मरीन लाइन्सच्या बाजूला असलं, तर षटकाराची बातमी आधी कानावर येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्टेडियमपासून किलोमीटरभर लांबच्या खिडकीत तो गलका तीन सेकंदांत पोहोचतो. त्याच खिडकीत बसून मोबाइलवर सामना बघणाऱ्याच्या पडद्यावर मात्र गोलंदाज अजून पँटला चेंडू घासत उभा असतो. प्रकाशाच्या वेगाने निघालेलं चित्र आवाजाच्या मागे पडतं. केबल बंद करून ‘आता सगळं नेटवरच’ असं ठरवलेल्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. सामना वानखेडेवर नसून मेलबर्नला असला तरी सुटका नाही, कारण तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातून आरोळी येते.

बहुतेक जण नेटला शिव्या घालतात आणि वरचा प्लॅन घेतात. त्याने चित्र सुधारेल, उशीर फारसा कमी होणार नाही. कारण हा उशीर तारेत होत नाही, तो मुद्दाम केलेला असतो. न्यू यॉर्कहून मुंबईपर्यंत समुद्राखालच्या फायबरमधून यायला प्रकाशाला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर त्या केबल जमिनीवर येतात, तिथपर्यंत सगळं झटपट असतं. वेळ जातो तो आधी आणि नंतर.

एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. सेकंदाला अशी ५० चित्रं कच्ची पाठवायची म्हटलं तर सेकंदाला जवळजवळ अडीच गिगाबिट माहिती होते. घरच्या जोडणीतून ती जाणं शक्यच नाही. म्हणून एन्कोडर नावाचं यंत्र काटकसर करतं. मागच्या चित्रात जे होतं ते पुन्हा पाठवायचं नाही, काय हललं आणि कुठे हललं तेवढंच सांगायचं. बुद्धिबळाचा डाव दाखवायला त्यामुळे फारच थोडी माहिती पुरते. क्रिकेटमध्येही गोलंदाज परत चालत जातो तेव्हा यंत्राला आराम असतो. पण चेंडू उंच उडाला, कॅमेरा त्याच्यामागे सर्रकन फिरला आणि पाठीमागे हजारो माणसं झेंडे हलवत उभी असली, की प्रत्येक ठिपका बदलतो आणि काटकसरीला वावच उरत नाही. झेल घेतला की सुटला हे बघायचं असतं नेमक्या त्याच क्षणी चित्राचे चौकोन होतात, ते यामुळे.

आकसलेलं हे चित्र मग चार-सहा सेकंदांच्या तुकड्यांत कापतात. प्रत्येक तुकडा पाच-सहा दर्जांत तयार ठेवतात आणि आपला फोन नेटचा अंदाज घेत एकेक मागवत राहतो. लोकल बोगद्यात शिरली की हलका तुकडा, घरच्या वायफायवर भारी. पण तुकडा पूर्ण झाल्याशिवाय मागवता येत नाही, आणि फोनही साधारण तीन तुकडे हाताशी असल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं म्हणून सोसायटी गच्चीवर टाकी बांधते, तसाच हा प्रकार आहे. नळाची धार तुटत नाही, पण आत्ता येतंय ते पाणी मघाशी चढवलेलं असतं. सहा सेकंदांचे तीन तुकडे धरले तर तिथेच अठरा सेकंद झाले. एन्कोडिंग आणि मधल्या सर्व्हरांची भर घातली की उशीर अर्ध्या मिनिटाच्या आसपास पोहोचतो. तुकड्यांचेही आणखी बारीक तुकडे करून हा आकडा खाली आणायची तंत्रं आहेत, मात्र टाकी जितकी लहान तितकं चित्र अडकायची भीती जास्त.

व्हिडिओ कॉलवर तर असं होत नाही, असं कुणी म्हणेल. तिथे टाकी जवळपास नसतेच, म्हणून साहेब बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजतात आणि आपण ते खपवून घेतो. शेवटच्या षटकात कुणी खपवून घेईल का? शिवाय कॉलवर दहा-वीस माणसं असतात. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत भारत-ऑस्ट्रेलिया अंतिम सामना चालू असताना हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकाला सेकंदाला फक्त दोन मेगाबिट धरले तरी ११८ टेराबिट होतात! एवढं सगळं एका जागेहून पाठवणं अशक्य आहे. तुकडे केले की त्यांच्या प्रती शहराशहरांतल्या सर्व्हरांवर ठेवता येतात आणि अंधेरीच्या लाखभर लोकांना अंधेरीच्या जवळूनच वाढता येतं. उशिराच्या बदल्यात आपण गर्दी विकत घेतो, असा हा सौदा आहे.

गर्दी तरी शांत बसते थोडीच. २०१९ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात धोनी धावबाद झाला तेव्हाचं आठवा. अशा वेळी लाखो लोक एकदम ‘मागे’चं बटण दाबतात आणि सगळा भार ॲपच्या पहिल्या पानावर येऊन पडतो. सामना बघणाऱ्यांपेक्षा सामना सोडून जाणारे कधी कधी जास्त जड पडतात. आणि फुकट दाखवतो म्हणणाऱ्या चोरट्या साइटचं विचाराल तर ती कुणाचा तरी प्रवाह उचलून पुन्हा कापते. म्हणजे उशिरावर उशीर, वर जाहिरातींच्या खिडक्यांतून फोनमध्ये काय शिरेल ते वेगळंच.

आता दुसरी वाट. दरमहा काही न भरता डीडी फ्री डिश. हिचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. वर जाऊन खाली यायला लहरींना पाव सेकंद लागतो. एन्कोडिंग धरलं तरी काम थोडक्या सेकंदांत होतं, म्हणून डिशवाल्या घरातून आरोळी आधी उठते. मोठी गंमत पुढे आहे. खाली एक थाळी असो की एक कोटी, उपग्रहाला काही फरक पडत नाही. तो एकदाच पाऊस पाडतो, ज्याने भांडं ठेवलं त्याला मिळतं.

भांडं मात्र नीट ठेवावं लागतं. मुंबईतून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून साधारण १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच आहे, त्यामुळे फोनमधलं होकायंत्रही चालतं, फक्त लोखंडी ग्रिलपासून लांब धरायचं. थाळी बघितली तर ती ५७ अंशांत वाटणार नाही, बरीच उभी दिसेल. तिचा एलएनबी, म्हणजे लहर पकडणारा छोटा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो आणि तिरपी आलेली लहर ती तिथे वळवते. म्हणून खऱ्या कोनातून वीस-पंचवीस अंश वजा केलेले दिसतात. घराची खिडकी पश्चिमेची असली किंवा आग्नेयेला रिडेव्हलपमेंटचा तीस मजली टॉवर उभा राहिला, तर गच्ची गाठायची आणि सेक्रेटरींची परवानगी काढायची. विज्ञानापेक्षा हे काम अवघड आहे.

मग पाऊस. डिशच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे टपोरे थेंब अशा लहरी शोषतात आणि इकडेतिकडे फेकतात. आपल्याकडे पावसाची उंची पाच किलोमीटर धरली तर ५७ अंशांतून येणाऱ्या लहरीला जवळपास सहा किलोमीटर पावसातून वाट काढावी लागते. जुन्या अँटेनावर सिग्नल मंदावला की मुंग्या यायच्या पण खेळ दिसायचा. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त होतात तोवर चित्र लख्ख असतं, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेलं की एकदम काळा पडदा. फुटबॉलचा २०२६ चा विश्वचषक ११ जून ते १९ जुलै म्हणजे ऐन पावसाळ्यातला, विम्बल्डनही दरवर्षी त्याच सुमाराला. साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची थाळी सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, मुंबईत तरी मी तीच सुचवेन. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहामागे येतो आणि काही मिनिटं चित्र घालवतो. तेव्हा कुणाला फोन लावायची गरज नाही.

डिशवर सगळे सामने दिसत नाहीत, हेही सांगायला हवं. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या स्पर्धांचं प्रक्षेपण हक्कधारक वाहिनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा सिग्नल दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या आणि डीटीएच जाळ्यावर दाखवायचा, खासगी केबलवर नाही. म्हणजे दरमहा केबलचे पैसे भरणाऱ्याला डीडी स्पोर्ट्सवर तो सामना मिळत नाही आणि एक दमडी न भरणाऱ्याला मिळतो. क्लब फुटबॉल किंवा फॉर्म्युला वनच्या चाहत्यांना मात्र फ्री डिश सहसा पुरत नाही.

दोन्ही वाटांचा मेळ घालायचा प्रयत्नही चालू आहे. टॉवरवरून थेट मोबाइलला प्रक्षेपण करायचं, नेट न वापरता, याच्या चाचण्या आयआयटी कानपूर आणि प्रसार भारती यांनी मिळून केल्या आहेत. उशीर कमी, गर्दीचं ओझं शून्य आणि थाळीही नको. पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते. ती घालायची कुणी आणि तिचे पैसे मोजायचे कुणी, इथे घोडं अडलं आहे.