नावं तीन, औषध एकच

सकाळी ताप आला म्हणून एक गोळी घेतली. दुपारी नाक वाहायला लागलं, तेव्हा सर्दीची दुसरी. रात्री अंग ठणकत होतं, म्हणून अंगदुखीची तिसरी. घेणाऱ्याला वाटतं, तीन तक्रारींवर तीन वेगळी औषधं घेतली. यकृताला मात्र तेच औषध तीनदा मिळालेलं असू शकतं, कारण या तिन्ही प्रकारच्या गोळ्यांत अनेकदा पॅरासिटामॉल असतं.

'पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन चालेल का?' असं लोक घाबरत विचारतात. एरवी निरोगी असलेल्या प्रौढांना ते सहसा चालतं. दोघांचं काम करण्याचं तंत्र वेगळं. मला जास्त काळजी वाटते ती न विचारता होणाऱ्या मिश्रणाची, म्हणजे एकाच औषधाच्या दोन नावांची.

पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोड्या भागापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायॉन नावाचं रसायन त्याला लगेच निष्प्रभ करतं, म्हणून ठरलेल्या मात्रेत काही बिघडत नाही. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायॉनचा साठा संपत जातो आणि तो विषारी पदार्थ यकृताच्या पेशींनाच चिकटतो. प्रौढांसाठी २४ तासांची कमाल मर्यादा साधारण ४००० मिलिग्रॅम. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३९०० होतात. त्यावर सर्दीची एक गोळी घेतली की मर्यादा ओलांडलीच. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेतली जात असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते.

आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन ही एकाच घराण्यातली भावंडं. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं तयार होऊ देत नाहीत, हे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. प्रोस्टाग्लँडिनमुळे वेदना आणि ताप वाढतो. पण जठराचं अस्तर सांभाळणं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणं हेही त्यांचंच काम. म्हणून या घराण्यातली दोन औषधं एकत्र घेतली, तर आराम दुप्पट होत नाही, जठरातल्या रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर मूत्रपिंडांवरही ताण येतो.

हृदयासाठी रोज कमी मात्रेचं ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. प्लेटलेटवर, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या सूक्ष्म कणांवर, ॲस्पिरिन जिथे चिकटतं, तिथे आयबुप्रोफेन आधीच जाऊन बसतं आणि ॲस्पिरिनचं संरक्षण कमी होऊ शकतं.

मुलांचं गणित वयापेक्षा वजनावर चालतं: पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तास. थेंबांचं औषध सिरपपेक्षा बरेचदा तीव्र असतं, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला लावू नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून पालटून देताना रात्रीच्या जागरणात हमखास गोंधळ होतो. एकच द्यावं, वेळ कागदावर लिहावी. ताप असलेल्या मुलांना ॲस्पिरिन देऊच नये. राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार त्याच्याशी जोडलेला आहे.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. खरा घटक बारीक अक्षरांत असतो. तो नीट दिसत नसेल, तर औषध दुकानदाराकडून वाचून घ्यावा.

पॅरासिटामॉल जास्त गेल्याची शंका आली, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा काहीच जाणवत नाही. यकृताची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. लगेच रुग्णालय गाठा आणि दिवसभरात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, सर्दीच्या गोळीचंसुद्धा.