चेतासंधींची लवचीकता

मेंदूतील दोन चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात, त्या जागेला चेतासंधी किंवा सिनॅप्स म्हणतात. वापर होईल तसा या सांध्याचा जोर वाढतो किंवा ओसरतो, हीच त्याची लवचीकता. शिकलेले लक्षात राहते ते मुख्यतः तिच्या बळावर. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि एकेकीला हजारो सांधे. आठवण कुठल्या एका पेशीत बसलेली नसते, ती या जाळ्यात पसरलेली असते.

एकत्र उत्तेजित होणाऱ्या पेशींमधला दुवा पक्का होत असावा, असे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडले. भक्कम पुरावा १९७३ मध्ये आला. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमधील (स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागातील) एका मार्गाला विजेचे वेगवान स्पंद दिले, तर तिथले संकेत पुढे कित्येक तास जोरकस राहिले.

यामागची रचना फार सुंदर आहे. संदेश देणारी पेशी सोडते ते ग्लुटामेट हे रसायन पलीकडच्या पेशीवरील एनएमडीए ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या रेणूला) चिकटते, पण त्या ग्राहीच्या छिद्रात मॅग्नेशियमचे बूच असते. ती पेशी त्याच सुमारास स्वतः उत्तेजित असेल तरच बूच निघते आणि कॅल्शियम आत शिरते. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या का, हे एकटा रेणू तपासतो! मग तिथे एएमपीए नावाचे दुसरे ग्राही वाढतात आणि पुढचा संदेश ठळक उमटतो. आठवण टिकायची तर नवी प्रथिनेही लागतात. कॅल्शियम थोडेथोडे, पण बराच वेळ येत राहिले, तर उलट सांधा दुबळा होतो.

रोजच्या घोकणीने पक्के झालेले सहज पुसले जात नाही. पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. पाट्या बदलल्या, उद्घोषणा बदलली. तरी जुन्या प्रवाशाच्या तोंडून घाईत ‘एल्फिन्स्टन’च निघते. नव्या नावाची वाट जुनीच्या शेजारी हळूहळू रुळते.

मुंबईचा या विषयाशी संबंध कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेमुळे जुना आहे. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ सीमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी ऊब वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांच्या चेतासंस्थेतले दोष शोधले. ऊब देऊन चेतासंधी बंद पाडता येणाऱ्या अशा माश्या नंतर स्मृतीच्या प्रयोगांत फार कामी आल्या. ठरावीक पेशींचे सांधे तेवढ्यापुरते थांबवायचे आणि शिकलेला वास माशीला आठवतो का, ते पाहायचे.