पिकलबॉलचं पॅडल घेताना आधी डिंक करून पाहा, स्मॅश नंतर

आमच्या दुकानात पिकलबॉलच्या काउंटरवर रोज येणारा प्रश्न एकच असतो. "पॉवर पण पाहिजे आणि कंट्रोल पण पाहिजे, कोणतं पॅडल देताय?" याचं नीट उत्तर द्यायला पंधरा मिनिटं लागतात, आणि शनिवार-रविवारी मागे चार-पाच जण ताटकळत असतात. म्हणून हे कागदावर उतरवलं. तुम्ही निदान महिनाभर खेळलाय आणि किचन (नेटलगतचा पट्टा), डिंक (किचनच्या रेषेवरून समोरच्या किचनमध्ये हळूच टाकलेला बॉल), ड्राइव्ह (जोरात सपाट मारलेला फटका), ड्रॉप (मागून हळूच किचनमध्ये पाडलेला बॉल) हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, असं धरून लिहितोय.

आधी ज्या चुकीमुळे तुमचे पैसे आणि आमचा वेळ जातो तीच सांगतो. गिऱ्हाईक पॅडल हातात घेतं, मागच्या भिंतीवर दोन-तीन सणसणीत फटके मारतं, आवाज आवडला की म्हणतं, "हेच द्या." दोन आठवड्यांनी तेच पॅडल घेऊन परत येतं. "अहो, बॉल सारखा बाहेर जातोय. बदलून द्या ना."

मागच्या महिन्यात कोथरूडहून एक काका आले होते. पंचवीस-तीस वर्षं बॅडमिंटन खेळलेले, मनगट अजून तलवारीसारखं चालतं. त्यांनी 14 मिलिमीटर जाडीचं, लांबट, फायबरग्लासचं पॅडल नेलं होतं. मी 16 मिलिमीटरचं दाखवलं तेव्हा "हे मऊ लागतंय, यात दम नाही" म्हणाले होते. परत आले तेव्हा त्यांना दुकानामागच्या नेटवर नेलं आणि म्हटलं, काका, स्मॅश नको, फक्त दहा डिंक करा. त्यांच्या पॅडलवरून दहातले सहा बॉल माझ्या छातीशी आले. तेच काका, तोच बॉल, 16 मिलिमीटरचं पॅडल, आणि दोनच वर उडाले. काका म्हणाले, "हे त्या दिवशीच का नाही करून घेतलंत?" बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून नेटवर दहा डिंक आणि पाच ड्रॉप केल्याशिवाय आम्ही बिल करत नाही. कुणाला हा वेळकाढूपणा वाटतो, पण हा नियम आम्ही मोडणार नाही.

पुण्यात ही चूक जास्त होते, त्याला कारण आहे. आपलं गाव बॅडमिंटनचं. इंग्रजांच्या काळात त्या खेळालाच 'पूना' म्हणत. पिकलबॉलही 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड यांच्या आवारातल्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच सुरू झाला. त्यामुळे कोर्टाचं माप आजही बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाचंच आहे, 20 फूट बाय 44 फूट. आपले लोक त्याच कोर्टावर उभे राहतात आणि बॅडमिंटनच्या सवयीने स्मॅशचं हत्यार शोधतात.

पण डबल्समध्ये चौघेही किचनच्या रेषेवर येऊन उभे राहतात. किचन प्रत्येक बाजूला 7 फूट, म्हणजे समोरासमोरच्या दोन रेषांत फक्त 14 फूट. नेट मधोमध 34 इंच. तुमचा डिंक नेटवरून वीतभर जास्त उडाला की समोरचा तो पायाशी ठोकतो आणि पॉइंट गेला. उलट तुम्हाला जो स्मॅश मिळतो तो समोरच्याने बॉल वर दिला म्हणूनच मिळतो, आणि तसा बॉल लाकडी पॅडलनेही मारता येतो. जो पॉइंट तसाही तुमचाच होता त्याच्यासाठी महागडी पॉवर विकत घ्यायची, आणि जिथे पॉइंट खरे हातचे जातात तिथे तीच पॉवर आड येऊ द्यायची, हा तोट्याचा सौदा आहे.

आता जाडीचं गणित. पॅडलच्या आत पॉलिप्रॉपिलिनची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिला कोअर म्हणतात. बाजारात मुख्यतः 13-14 आणि 16 मिलिमीटरचे कोअर मिळतात. जाड कोअर बॉलचा जोर जास्त पिऊन घेतो, बॉल पॅडलवर क्षणभर जास्त टिकतो आणि फटका मधोमध नाही बसला तरी पॅडल हातात कमी फिरतं. पातळ कोअरवरून बॉल चटकन सुटतो. तुम्ही आमच्याकडे रॅकेटला गटिंग करून घेता ना, म्हणजे जाळी ओवून घेता, तसंच समजा. गटिंग सैल ठेवलं तर बॉल आपोआप पळतो, घट्ट केलं तर जोर तुमचा तुम्हाला लावावा लागतो, पण बॉल म्हणाल तिथे पडतो. फरक इतकाच की गटिंग पुढच्या आठवड्यात बदलता येतं, कोअर बदलता येत नाही.

कोअरवरचा पत्रा, म्हणजे बॉल ज्यावर लागतो तो पातळ थर, तोही महत्त्वाचा. फायबरग्लास लवचीक असतो, तो बॉलला उसळी देतो. कार्बन फायबर कडक असतो, जोर सगळ्या अंगावर पसरवतो, म्हणून स्पर्श नेमका कळतो. हल्ली ज्याला 'रॉ कार्बन' म्हणतात त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्याने बॉलला फिरकी चांगली मिळते. फिरकीमुळे जोरात मारलेला बॉलही रेषेच्या आत वळून पडतो. म्हणजे 'पॉवर की कंट्रोल' या भांडणात खरी तडजोड करून देते ती फिरकी, आणि म्हणूनच मी बहुतेकांना आधी 16 मिलिमीटरचं रॉ कार्बन हातात देतो. त्यात आमचा नफा जास्त आहे असं काहींना वाटतं. फायबरग्लासची पॅडल्सही आम्ही ठेवतो, मागितलीत तर देतो.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. 16 आकडा वाचला म्हणजे पॅडल शांतच असेल असं नाही. थर्मोफॉर्म केलेली पॅडल्स उष्णता आणि दाबाने एकसंध बनवतात, बऱ्याचदा कडेने फोम भरलेला असतो. ती 16 ची असूनही चांगलीच तापट निघतात, बॉल जोरात सोडतात. खोक्यावरचा आकडा ही सुरुवात, निकाल नेटवर.

आकाराबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या नियमांत पॅडलची लांबी अधिक रुंदी 24 इंचांच्या वर जाऊ शकत नाही आणि लांबी 17 इंचांच्या वर नाही. म्हणजे लांबी वाढवली की रुंदी कापली जाणारच. 16 बाय 8 चं रुंद पॅडल चुका पोटात घालतं. साडेसोळा बाय साडेसातचं लांब पॅडल हात लांब करतं, फटक्याला जोर देतं, पण कडेला लागलेला बॉल माफ करत नाही. ज्यांना दोन्ही हातांनी बॅकहँड मारायची सवय आहे, विशेषतः टेनिसवाले, त्यांनी दांडीची लांबी बघावी. साडेपाच इंच असेल तर दुसरा हात नीट बसतो.

वजनाकडे लोक फारच कमी लक्ष देतात. बॅडमिंटनची रॅकेट 80-90 ग्रॅमची, पॅडल साधारण 205 ते 240 ग्रॅमचं, म्हणजे अडीचपट. इतक्या वजनाला बॅडमिंटनसारखा मनगटाचा झटका देत राहिलात तर कोपर बोलायला लागतं. त्यावर "मग सगळ्यात हलकं द्या" हाही उपाय नव्हे, कारण फार हलकं पॅडल समोरून आलेल्या जोरदार बॉलपुढे थरथरतं आणि तो हादरा हातालाच खावा लागतो. बहुतेकांना 220 ते 230 ग्रॅम मानवतं. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो. परवा एकाच खेपेतली दोन खोकी उघडली, एक 221 ग्रॅम, दुसरं 230. म्हणून काउंटरवर काटा ठेवलाय. प्रत्येक पॅडल खोक्यातून काढून तोलतो आणि पेन्सिलीने खोक्याच्या कडेला आकडा लिहितो. घाईत असाल तरी तो आकडा बघा, दोन नग मागून हातात तोलून पाहा, आम्हाला त्रास होत नाही.

कमी-जास्त करायचंच असेल तर हलकं पॅडल घेऊन लेड टेप (वजन वाढवायची शिशाची चिकटपट्टी) लावता येते. घड्याळाच्या 3 आणि 9 च्या जागी दोन्ही कडांना लावली तर पॅडल फिरत नाही, कंट्रोल वाढतो. 12 च्या जागी, म्हणजे टोकाला लावली तर जोर वाढतो, पण हात जड होतो. दोन-तीन ग्रॅमपासून सुरुवात करा, दोन दिवस खेळा, मग ठरवा. टेप लावून झाल्यावर हात धुवा, ते शिसं आहे. जड पॅडल हलकं करायची सोय कुणाकडेच नाही.

ग्रिपलाही हाच न्याय. पॅडल धरा, दुसऱ्या हाताची तर्जनी बोटांची टोकं आणि तळहात यांच्यामध्ये घालून बघा. अलगद बसली तर माप बरोबर. शंका असेल तर लहान घ्या, कारण ओव्हरग्रिप, म्हणजे दांडीवरची जादा पट्टी, गुंडाळून जाड करता येतं. पहिली ओव्हरग्रिप आमच्याकडून, गुंडाळूनही देतो. घाम फार येत असेल तर आधी सांगा, वेगळी देतो.

सगळ्यांनाच कंट्रोलचं पॅडल विकायचा आमचा हट्ट नाही. दुकानात येण्याआधी एक काम करा. दोन गेम खेळताना बाहेर बसलेल्या कुणाला तरी कागद-पेन द्या आणि तुमचा गेलेला प्रत्येक पॉइंट चार रकान्यांत मांडायला सांगा: बॉल बाहेर गेला, नेटमध्ये गेला, वर उडाला, आखूड पडला. 'बाहेर' आणि 'वर उडाला' हे रकाने भरले असतील तर 16 मिलिमीटर, रुंद किंवा मध्यम आकार, कार्बन. सर्व्हिस आणि रिटर्न सतत अर्ध्या कोर्टात पडत असतील तर तुम्हाला खरंच पॉवर हवी, आणि तेव्हा 14 मिलिमीटर किंवा थर्मोफॉर्म पॅडल मी स्वतः पुढे करीन. बाणेरहून एक मावशी असा कागद घेऊन आल्या होत्या, 'आखूड' खाली अकरा रेघा. त्यांना लांब, पातळ पॅडल दिलं आणि ते अगदी योग्य होतं. नेटमध्ये जाणाऱ्या बॉलला मात्र पॅडल क्वचितच जबाबदार असतं. तिथे गुडघे वाकवा, पॅडल बदलायची घाई करू नका.

टेबल टेनिसवाल्यांना रॉ कार्बन लगेच आवडतं, पण बॅटच्या रबराइतकी फिरकी त्यातून मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. टेनिसवाल्यांचा हात मोठा फिरतो, त्यांची पॉवर दंडातच असते. त्यांनी डोळे झाकून 16 घ्यावं.

आता परत घेण्याबद्दल, कारण वाद तिथेच होतात. खेळलेलं पॅडल आम्ही परत घेत नाही. रॉ कार्बनवर एक तास खेळलं तरी बॉलचे डाग बसतात, कडेला ओरखडे येतात, आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाला नवं म्हणून विकणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी डेमो ठेवलेत. डिपॉझिट भरून एका वेळी तीन पॅडल्स दोन दिवसांसाठी न्या, तुमच्या कोर्टावर, तुमच्या जोडीदाराबरोबर खेळा. भाडं 200 रुपये, खरेदी केलीत तर बिलातून वजा. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे मला माहीत आहे. तिथे दहा डिंक करून बघता येत नाहीत आणि काटाही नसतो.

खराब निघालेलं पॅडल ही वेगळी गोष्ट. ते जरूर आणा. बोटाच्या पेराने पॅडलवर सगळीकडे टकटक करा. एका जागी आवाज बोदा किंवा खुळखुळता आला तर आतला कोअर दबलाय किंवा पत्रा सुटलाय. इथे एक फसगत होते. पत्रा सुटला की पॅडल अचानक जास्त जोरात मारायला लागतं. वाकडहून येणारा एक मुलगा खूश होऊन सांगत होता, "आता कुठे पॅडल सेट झालंय!" टकटक केली तर मधोमध आवाजच बदललेला. असं पॅडल स्पर्धेत चालत नाही आणि पुढे लवकरच फुटतं. वॉरंटी कंपनीची असली तरी बिल आणि पॅडल घेऊन या, पाठपुरावा आम्ही करतो. लेड टेप किंवा ओव्हरग्रिप लावली असेल तर काढू नका, आहे तसं आणा.

आणि एप्रिल-मेमध्ये पॅडल गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत पॉलिप्रॉपिलिनही नरम पडतं आणि चिकटवलेला थरही. खेळून झाल्यावर ओलसर फडक्याने पुसा. रॉ कार्बनसाठी रबराचा ठोकळा मिळतो, त्याने घासलं की बॉलचं प्लॅस्टिक निघून येतं. सँडपेपर अजिबात लावू नका, फिरकी देणारा खरखरीतपणा कायमचा जातो. पावसाळ्यात पॅडल ओल्या टॉवेलसोबत बॅगेत कोंबू नका, ग्रिपला वास धरतो.

नेटवर करून बघायला निवांत वेळ हवा असेल तर मंगळवार ते गुरुवार सकाळी या. खेळायचे बूट घालून या, जोडीदाराला आणा, आणि रेघा ओढलेला तो कागद विसरू नका.