सुट्टी वेगळी, विश्रांती वेगळी

रविवारी रात्री साडेनऊला स्वयंपाकघराचा दिवा मालवायला जाते, तेव्हा दिवसभरात काय काय झालं ते ओट्यावरच मांडलेलं असतं. झाकून ठेवलेलं इडलीचं पीठ, मोड आलेल्या मटकीचा डबा, निवडून पंचात गुंडाळलेली मेथी. खुर्चीवर शाळेचे पाच शर्ट इस्त्री करून ठेवलेले. सकाळी जांभळी नाक्यावरून आठवड्याचा बाजार आणलेला. कॅलेंडरात हा दिवस लाल रंगात असतो. कितीतरी वर्षं मी त्यालाच विश्रांतीचा दिवस समजत होते आणि सोमवारी ऐरोलीच्या गाडीत चढतानाच पाय का भरून येतात, हे मला उमगत नव्हतं.

सुट्टी म्हणजे नोकरीच्या कामातून मिळालेली मोकळीक. विश्रांती म्हणजे शरीरावरचा आणि मनावरचा भार खरोखर उतरणं. सुट्टी दुसऱ्याने द्यायची असते, विश्रांती आपली आपण घ्यायची असते. आठवडा आखताना आपण सुट्टीच्या चौकोनात उरलेली सगळी कामं कोंबतो आणि विश्रांती त्यात धरलेलीच आहे असं मानतो. गल्लत होते ती इथे.

ज्यांनी आपल्याला रविवार मिळवून दिला, त्यांनी मात्र ही गल्लत केली नव्हती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, आपल्या ठाण्यातला. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्यात दर रविवारी पूर्ण सुट्टी मागितली होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती वेगळी मागितली होती. या दोन स्वतंत्र मागण्या होत्या. पहाटेपासून साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला रविवार मिळाला, तरी मंगळवारी दुपारी त्याची पाठ मोडायची ती मोडतेच, हे त्यांना कामगारांमध्ये राहून ठाऊक होतं. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी.

पुढे १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमातही या दोन गोष्टी निरनिराळ्या कलमांत आल्या. कलम ५२ साप्ताहिक सुट्टीचं. कलम ५५ विश्रांतीचं: सलग पाच तासांहून जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास सुटका हवी. या दोन्हींच्या मध्ये कलम ५३ होतं, ते मला फार बोलकं वाटतं. साप्ताहिक सुट्टी हुकली तर तिच्याबदली दुसरी सुट्टी द्यावी, असं ते सांगायचं. दुपारच्या हुकलेल्या अर्ध्या तासाची अशी भरपाई त्या कायद्यात नव्हती, आणि ती करता येण्यासारखीही नाही. मंगळवारी न घेतलेला श्वास शुक्रवारी कसा घेणार?

सुट्टी साठते, विश्रांती साठत नाही. रजा शिल्लक टाकता येते, मेमध्ये गावी जायला जोडून घेता येते. झोपेचं तसं नाही. आठवडाभर साडेपाच-सहा तास झोपायचं आणि रविवारी दहापर्यंत लोळायचं, हा कितीतरी घरांतला शिरस्ता. त्याने थोडी तूट भरून निघते, नाही असं नाही. पण शनिवारी रात्री एकला झोपून रविवारी दहाला उठलं, की शरीरातलं घड्याळ उशिराकडे सरकतं, कारण ते सकाळच्या उजेडावर लावलं जातं. मग रविवारी रात्री अकराला डोळा लागत नाही आणि सोमवारी गजर वाजतो तेव्हा शरीराच्या हिशेबाने मध्यरात्रच असते. शरीरातल्या या घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला ‘सामाजिक जेटलॅग’ असं नाव दिलं. विमानात न बसता होणारा हा त्रास सुट्टीतूनच येतो.

विश्रांती म्हणजे आडवं पडणंच, असंही नाही. जर्मन संशोधक सबिने झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये थकवा उतरण्याच्या चार वाटा मांडल्या: कामापासून मनाने सुटणं, शरीर सैल पडणं, काहीतरी नवं जमू लागणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. म्हणून गडकरी रंगायतनात मन लावून पाहिलेलं नाटक ही विश्रांती ठरते. सोफ्यावर पडून ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज वाचणं ही विश्रांती होत नाही, मग दिवस सुट्टीचा का असेना.

आता फ्रिजवर लावायच्या कागदावर मी आधी विश्रांती लिहिते, कामं नंतर. रोजचा एक चौकोन, वीस मिनिटांचा का होईना. बुधवारी ठाण्याला उतरले की थेट घरी न जाता तलावपाळीला जाते. मासुंदा तलावाच्या कठड्याशी बसते, फोन पिशवीत, समोर होड्या. मग तिथूनच जांभळी नाक्यावर निम्मी भाजी घेते, म्हणजे रविवारचं ओझं तेवढं कमी. शर्ट गुरुवारी इस्त्रीवाल्याकडे जातात. त्याला पैसे लागतात, मान्य, पण रविवारचा दीड तास हाती येतो आणि तो मी दुसऱ्या कामाला देत नाही. सगळ्यात अवघड हेच आहे. मोकळा झालेला वेळ दिसला की हात आपोआप माळ्यावरच्या डब्यांकडे जातात.

पहिल्यांदा हा कागद लावला, तेव्हा सासूबाई चष्मा लावून बराच वेळ वाचत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “यात मी कुठेय गं?”

मला उत्तर सुचलं नाही. त्या कधी नोकरीला नव्हत्या, त्यामुळे त्यांना सुट्टी अशी कधी पडलीच नाही, आणि सुट्टी नाही म्हणून विश्रांतीचा विचारही घरात कोणी केला नाही. चाळीस वर्षं.

“आई, तुम्हाला कधी हवी?” मी विचारलं.

त्यांनी पेन मागून घेतलं आणि मंगळवार ते शनिवार, दुपारी तीन ते चार, असे पाच चौकोन स्वतः आखले. त्या तासात दाराची बेल वाजली तर आता बाबा उठतात.