टाके ओले असताना, टाके सुकल्यावर

गोव्यात कुणाचं ऑपरेशन झालं, की घरी आल्यापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि येणाऱ्या प्रत्येकाजवळ एक औषध असतं. पेडण्याची मावशी हळद खोबरेलात गरम करून लाव म्हणते, शेजारच्या वयनी दारातली कोरफड कापून आणतात, सत्तरी तालुक्यातून कुणी रानातला मध पाठवतं आणि घरातली आजी कपाटात जपून ठेवलेला भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तुपाचा, गोळा काढते. यातलं काहीच टाकाऊ नाही. पण ऑपरेशनची जखम म्हणजे खरचटलेला गुडघा नव्हे. ती निर्जंतुक हत्यारानं केलेली असते, आत थरावर थर शिवलेले असतात आणि आपल्याला दिसतो तो फक्त सगळ्यात वरचा थर. तिच्यावर काय लावायचं हे सगळेच सांगतात. कधी लावायचं, हे मात्र कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मं औषध त्यातच आहे.

कातडी कापली गेली की काही मिनिटांत रक्त गोठतं. पुढचे तीन-चार दिवस पांढऱ्या पेशी साफसफाई करतात. टाक्यांच्या कडेला थोडी लाली, थोडी सूज दिसते ती त्यामुळेच. नीट जुळवून शिवलेल्या जखमेची वरची कातडी साधारण 48 तासांत मिटते. म्हणून पहिले दोन दिवस ड्रेसिंगला हात लावायचा नसतो. मग आत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणायला सुरुवात होते. फाटलेलं जाळं रांपणकारानं भरती यायच्या आत कसंबसं सांधावं, तसं हे पहिलं विणकाम असतं: घाईचं, जाडंभरडं, गाठींचं. ते उसवून पुन्हा नीट विणायचं काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ चालतं. तीन आठवड्यांनी जखमेला मूळ कातडीच्या जेमतेम 30 टक्के ताकद आलेली असते, तीन महिन्यांनी 80 टक्क्यांच्या आसपास, आणि पूर्ण ताकद कधीच येत नाही. वरून कोरडी दिसते म्हणून पोटाचं ऑपरेशन झालेल्यानं महिन्याभरात गॅसचं सिलिंडर उचलू नये, ते यासाठी.

आता हळद. हळद म्हटलं की गोंयकाराला माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांची आठवण होते, आणि व्हायलाच हवी. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिलं, आणि 1997 साली ते रद्द झालं. ही लढाई मोठीच होती. पण ती जिंकली गेली ‘हे ज्ञान नवं नाही’ या मुद्द्यावर. हळदीनं टाके लवकर भरतात का, हा प्रश्न त्या वादात तपासलाच गेला नव्हता. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत सूज कमी करतं हे खरं. मात्र पुडीतल्या हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि दळताना-साठवताना मिसळलेले जिवाणूंचे बीजाणू फुकट मिळतात.

त्याहून मोठी अडचण रंगाची. डिचोलीतल्या एका ओळखीच्या बाईंच्या सिझेरियनच्या टाक्यांवर घरच्यांनी प्रेमानं हळद-खोबरेलाचा लेप दिला होता. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजनं तो पिवळा थर हळूहळू सोडवला. त्याचे पापुद्रे दोऱ्यांच्या गाठींत अडकून बसले होते. तो निघाल्यावर खाली रुपयाच्या नाण्याएवढा भाग लालबुंद आणि हाताला गरम लागला. लाली पसरणं ही संसर्गाची पहिली खूण, आणि तीच त्या पिवळ्या थराखाली कुणाला दिसली नव्हती.

मधाची गोष्ट वेगळी, तिथे पुरावा खराच आहे. मधातली साखर जिवाणूंमधलं पाणी ओढून घेते, तो आंबट असतो, आणि त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) सावकाश हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, वरवर भाजलेल्या जखमा मधाच्या ड्रेसिंगनं नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरल्याचं दिसलं, आणि ऑपरेशननंतर चिघळलेल्या जखमांनाही फायदा झाला. पण जखमांसाठी म्हणून तयार केलेला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. रानातल्या कच्च्या मधात क्लोस्ट्रिडियम जिवाणूचे बीजाणू असू शकतात. शिवाय स्वच्छ, मिटत आलेल्या टाक्यांना मधाची गरज मुळात नसतेच. सत्तरीचा मध चमच्यानं पोटात जाऊ द्यावा.

कोरफडीबद्दल मात्र सावध राहावं. 1991 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाच्या ऑपरेशननंतर उघड्या राहिलेल्या जखमा नेहमीच्या ड्रेसिंगनं सरासरी 53 दिवसांत भरल्या, कोरफडीचं जेल लावलेल्यांना 83 दिवस लागले. अभ्यास 21 बायकांचाच होता, त्यामुळे त्यावरून कोरफड कायमची बाद करता येत नाही. पण निसर्गातलं आहे तर निदान अपाय तरी नाही, हा समज त्यातून नक्कीच मोडतो.

घरगुती गोष्टीचं औषध कसं करायचं, हे मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी दाखवलं. भाजलेल्या जखमांवर आणि रोपणासाठी कातडी काढलेल्या जागांवर त्यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं. गुळगुळीत, मेणचट पान जखमेला चिकटत नाही, ओल टिकवतं, आणि सोडताना रुग्ण कळवळत नाही. ओल्या जखमेवर नवी कातडी लवकर सरकते हे जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकानं 1962 सालीच दाखवलं होतं. पण सायनमधली पानं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेतून, निर्जंतुक होऊन येत होती. परसातून तोडून आणलेलं पान आणि ते पान यांच्यात हाच फरक.

एक गैरसमज खास किनाऱ्यावरचा: दर्यात बुडी मारली की जखम सुकते. सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं आणि ते निर्जंतुक असतं. समुद्राचं, त्यातही खाडीच्या तोंडाचं कोमट पाणी जिवंत असतं. त्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू सापडतो, जो मधुमेही किंवा यकृत बिघडलेल्या माणसाच्या जखमेत शिरला तर जिवावर बेतू शकतं. टाके असलेल्या हातानं मासळी साफ करणंही त्याच कारणासाठी टाळावं.

मग स्वयंपाकघरानं करायचं काय? त्यानं ताटातून काम करावं, कारण खरं औषध तिथेच आहे आणि नेमकं तेच आपण रुग्णाच्या तोंडातून काढून घेतो. ऑपरेशन झालं की पेज आणि लोणचं. बांगडा उष्ण, अंडं बाधतं, डाळीनं टाके पिकतात. आठ-पंधरा दिवस हे असं चालतं, नेमके कोलॅजेन विणायचे दिवस! कोलॅजेन म्हणजे प्रथिन, ते प्रथिनाशिवाय बनणार कशातून? जखम भरताना माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम. पेजेच्या वाटीतून त्यातले दोन-चार मिळतात. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात, 100 ग्रॅम बांगड्यात 20 च्या आसपास. मासे खात नसाल तर मूग, अळसांदे, कुळीथ, दूध, दही. मासळीची ॲलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर अर्थातच डॉक्टरांना विचारून. पण सरसकट पथ्य म्हणून नुस्तं, म्हणजे मासळी, बंद करणं म्हणजे गवंड्याला कामाला लावून चिरे न पुरवणं.

आणि क जीवनसत्त्व. 5 ऑक्टोबर 1498 रोजी वास्को द गामाची गलबतं अंजदीव बेटावरून परतीला निघाली. कारवारसमोरचं हे बेट आज गोव्याच्या हद्दीत आहे. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळपास तीन महिने लागले आणि तेवढ्यात तीस खलाशी स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगानं, मेले. पुढे 1740 च्या दशकात कमोडोर अॅन्सनच्या इंग्रज आरमारात एका म्हाताऱ्या खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम स्कर्व्हीत पुन्हा उघडल्याची नोंद आहे. पन्नास वर्षांचा व्रण उघडतो कसा? व्रणातलं कोलॅजेन आयुष्यभर मोडत आणि नव्यानं बनत असतं, आणि त्याचे तीन धागे एकमेकांना घट्ट पीळ घालायचे तर क जीवनसत्त्व लागतं. ते बंद झालं की मोडणं चालू राहतं, बांधणं थांबतं. जॉन क्रँडन या अमेरिकन सर्जननं 1939 मध्ये क जीवनसत्त्व पूर्ण बंद करून स्वतःच्या पाठीवर छेद करवून घेतले. तीन महिन्यांनी केलेला छेद भरला, सहा महिन्यांनी केलेला भरेना. क जीवनसत्त्व सुरू केल्यावर तोही भरला. आपल्याला एवढं सोसायची गरज नाही. एक मध्यम पेरू दिवसाची गरज भागवतो. आवळा आहे, आणि चैत्र-वैशाखात काजूचे बोंडू आहेत, ज्यांत संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व असतं.

गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं: 26.4 टक्के, देशाची सरासरी 11.4. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून पुरेसा प्राणवायू पोचत नाही. अशा वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा कुठल्याही लेपापेक्षा मोलाचा. विडी-सिगारेटचंही तसंच, निकोटिन त्याच वाहिन्या आवळतं.

टाके निघाले, खपल्या आपोआप गळाल्या, कुठे भेग किंवा ओल उरली नाही, की मग आजीच्या भिरंडेलाची वेळ येते. कोकमाच्या बियांचं हे तूप खोलीत घट्ट असतं, बोटावर चोळलं की पाघळतं. त्यातलं स्टिअरिक आणि ओलेइक आम्ल कातडीवर थर धरतं आणि ओलावा उडू देत नाही. खोबरेलही चालतं. स्वच्छ बोटानं व्रणावर हलका दाब देत, गोल फिरवत, दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं. खाज आणि ताठरपणा त्यानं कमी होतो. मात्र व्रण पुसला जाईल अशी आशा धरू नये.

कारण व्रण तसाही फिका होतच असतो. दीड-दोन महिन्यांनी तो सर्वात लाल आणि जाड दिसतो, लोक तेव्हाच घाबरून काहीतरी लावायला घेतात, आणि नंतरच्या महिन्यांत तो आपसूक उतरला की श्रेय त्या मलमाला मिळतं. हा गुंता सोडवायला 1999 साली ई जीवनसत्त्वावर एक सुरेख प्रयोग झाला: एकाच व्रणाच्या अर्ध्या भागावर साधं मलम, उरलेल्या अर्ध्यावर तेच मलम ई जीवनसत्त्व घालून. दहातल्या नऊ जणांत ई जीवनसत्त्वानं काही फरक पडला नाही किंवा व्रण आणखी वाईट दिसला, आणि तिघांमागे एकाला पुरळ आलं. तरी त्या कॅप्सुला फोडून लावणं आजही चालूच आहे.

घरच्या घरी करता येण्याजोग्या उपायांत सर्वात भक्कम पुरावा सिलिकॉनच्या पट्टीचा किंवा जेलचा आहे. कातडी पूर्ण मिटल्यावर रोज किमान 12 तास, दोन-तीन महिने. आपल्या दमट हवेत पट्टीखाली घाम साठून घामोळं येतं, म्हणून ती रोज धुवावी आणि कातडी कोरडी करून मगच लावावी. नव्या व्रणाला ऊन लागलं तर तो काळवंडतो आणि तो रंग महिनोन्‌महिने जात नाही, म्हणून वर्षभर झाकावा किंवा सनस्क्रीन लावावं. लिंबू मुळीच चोळू नये. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते, फोड येतात आणि डाग आणखी गडद होतो.

व्रण जखमेच्या मूळ रेषेबाहेर पसरू लागला, टणक झाला, खाजू लागला, तर तो केलॉइड असू शकतो. छाती, खांदे आणि कानाच्या पाळ्या या त्याच्या आवडत्या जागा, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो जास्त आढळतो. त्यावर तेल चोळत महिने घालवू नयेत. नुसता कापून काढला तर तो बहुतेकदा परत येतो, पूर्वीपेक्षा मोठा होऊन. त्वचारोगतज्ज्ञ त्यात काही आठवड्यांच्या अंतरानं स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, आणि व्रण लहान असतानाच सुरुवात केली तर ती कमी लागतात.