‘बॅडलँड हंटर्स’: मारामारी दमदार, कथा उणी का पडली?

‘बॅडलँड हंटर्स’मधली मारामारी सुरू झाली की आपण सरसावून बसतो आणि ती संपून पात्रं बोलू लागली की पुन्हा मागे टेकतो. जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या या कोरियन चित्रपटात असं का होतं, याचं उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे.

भूकंपाने सोल शहर जमीनदोस्त झालंय आणि एकच निवासी इमारत उभी आहे. ही कल्पना ऑगस्ट २०२३ मध्ये ‘काँक्रीट युटोपिया’ने मांडली होती. तो चित्रपट किम सूंग-न्युंग यांच्या वेबटूनवर, म्हणजे इंटरनेटवर क्रमशः येणाऱ्या चित्रकथेवर आधारलेला. आत राहणाऱ्यांनी बाहेरच्यांना थारा द्यायचा की नाही, हा त्याचा गाभा. कोरियात निम्म्याहून अधिक कुटुंबं अशा इमारतींत राहतात. फ्लॅट हीच आयुष्याची कमाई आणि तीच समाजातली पत. शिवाय पडझडीची भीती तिथे खरी आहे. १९७० मध्ये सोलमधल्या वावू या वसाहतीतली इमारत कोसळली. १९९४ मध्ये सोंगसू पूल तुटून ३२ माणसं गेली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तोच जून १९९५ मध्ये साम्पुंग हे पाच मजली दुकानसंकुल भर संध्याकाळी खाली बसलं. ५०२ जण ठार झाले. हे ज्या प्रेक्षकाच्या आठवणीत आहे, त्याला उभी राहिलेली एक इमारत म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

‘बॅडलँड हंटर्स’ त्याच क्लायमॅक्स स्टुडिओचा. भूकंप तोच, इमारतही तशीच, गोष्ट मात्र स्वतंत्र. इथे एक डॉक्टर स्वच्छ पाण्याचं आमिष दाखवून किशोरवयीन मुलांना आत नेतो आणि त्यांच्यावर प्रयोग करतो. ली ही-जुन यांनी तो समरसून केलाय, पण लेखनातच तो ठरीव साच्याचा वेडा शास्त्रज्ञ आहे. मला खरा तोटा वाटतो तो इथे. आधीच्या चित्रपटात क्रूर होत गेले ते शेजारी, साधी माणसं. इथे सगळं पाप एकट्या डॉक्टरच्या माथी मारलंय, त्यामुळे इमारत नुसता खलनायकाचा अड्डा उरते. पाण्यासाठी मूल दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या आईबापांकडे कॅमेरा जेमतेम बघतो.

ताकद आली ती दुसऱ्याच वाटेने. दिग्दर्शक हो म्यंग-हेंग हे मुळात मारामारी बसवणारे. हा त्यांचा दिग्दर्शनातला पहिलाच चित्रपट. नायक मा दोंग-सोक तरुणपणी अमेरिकेत शरीर कमावण्याचं प्रशिक्षण देत. २०१६ च्या ‘ट्रेन टू बुसान’मध्ये हाताला पट्ट्या गुंडाळून झोंबींना भिडणारा गडी तोच. पुढे ‘द आउटलॉज’ या चित्रपटमालिकेत त्यांचा ठोसा ही त्यांची ओळख झाली आणि त्या मालिकेतली मारामारी बसवली ती हो यांनीच. एकमेकांचा हात इतका ओळखीचा असल्याचं इथे पदोपदी दिसतं. सुरुवातीचा मगरीचा प्रसंग बघा. मा यांचा शिकारी नाम-सान येतो, जाडजूड सुरा चालवतो आणि खेळ खलास. उगाच लांबण नाही. त्याच्या उलट आन जी-हे यांची लष्करी हवालदार चपळ, सारखी जागा बदलणारी. दोघांच्या लढण्यातला हा फरक कॅमेरा नीट दिसू देतो. डॉक्टरचे सैनिक गोळ्या खाऊनही उठतात, म्हणून मुंडकं उडवावं लागतं. तिथे रक्त जरा जास्तच आहे, पण प्रत्येक वार कुठे बसला ते कळतं. हल्ली हे दुर्मीळ आहे.

तीनच महिन्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये, याच जोडीचा, ‘द आउटलॉज’ मालिकेतला ‘द राउंडअप: पनिशमेंट’ आला आणि कोरियात त्याला १ कोटीहून अधिक प्रेक्षक लाभले. तिथला पोलीस, त्याचे सहकारी, त्याचं ठाणं आधीच्या तीन चित्रपटांनी उभं करून ठेवलं होतं. इथे गोष्ट स्वतंत्र, त्यामुळे तसा आयता पाया नव्हता; म्हणून मारामारी थांबली की कथा उणी पडते.