पैरा फिटला, पण फोनपेवरनं

यंदा ज्वारीच्या काढणीला गावी गेलतो, मोहोळ तालुक्यात. मालदांडी हाय म्हणजे विळ्यानं कापायचं काम नाही, ताट मुळासकट उपटायचं, दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात आणि कंबर तर विचारूच नका. मजूर मिळत नाहीत म्हणून आमचे काका आणि बांधाला बांध असलेली दोन-तीन घरं अजून पैऱ्यानं करतात, आज तुमची माणसं आमच्या रानात, परवा आमची तुमच्या. ह्यावेळी त्यातल्या एका घरचा पोरगा पुण्यात अडकला, यायला जमेना, त्यानं सरळ दोन माणसांचा रोज फोनपे केला आणि खाली मेसेज, "काका पैरा फिटला". काका दिवसभर घुम्म. रात्री मलाच पैसे परत पाठवायला लावले, "त्याला म्हणावं पुढच्या सुगीला ये, तोवर राहू दे अंगावर."

मला आधी वाटलं म्हाताऱ्याचा हट्ट. पण काकांना जे खटकलं त्यावर चक्क प्रयोग झालाय, इस्राईलमधल्या हैफा शहरात. तिथल्या 10 पाळणाघरांत आईवडील पोरांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी ह्या दोघा अभ्यासकांनी त्यातल्या 6 ठिकाणी उशिराला छोटासा दंड लावून बघितला. उशीर कमी होईल असं कुणालाही वाटेल, तो झाला जवळपास दुप्पट! कारण आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळल्यासारखं व्हायचं, आता पैसे भरलेत ना, मग लाजायचं कशाला. आणि पुढं दंड काढून टाकला तरी उशीर काही खाली आला नाही, एकदा भाव ठरला की मुरवत गेली ती गेलीच. 2000 साली हे छापून आलं.

आपल्याला शाळेत शिकवलं होतं की आधी वस्तुविनिमय होता, कोंबडी द्या ज्वारी घ्या, ते अवघड पडायला लागलं म्हणून पैसा आला. कॅरोलाइन हम्फ्री ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1985 मध्ये स्पष्ट लिहिलं की निव्वळ अदलाबदलीवर चाललेला समाज कुठंच नोंदलेला नाही. गावात आणि ओळखीत चालायची ती उधारीच, आज तुझी नड भागली, माझं बघू पुढं.

आणि ही उधारी बरोब्बर फेडायची नसते, खरी गंमत इथं हाय. नायजेरियात तिव लोकांमध्ये राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लॉरा बोहॅनन ह्यांना शेजारणी भेंडी, अंडी असलं काहीबाही आणून द्यायच्या. परतफेड करायचीच, पण तेवढ्याच किमतीची नाही, थोडी कमी नाहीतर थोडी जास्त, कारण तंतोतंत फेडलं तर त्याचा अर्थ, आपलं तुपलं संपलं. हे वाचलं आणि मला आमच्या जुन्या चाळीतल्या आक्का आठवल्या. आक्का पद्मशाली म्हणजे विणकर समाजातल्या, घरात तेलुगू, नवरा यंत्रमागावर. आईनं शेंगा चटणीचा डबा दिला की तो रिकामा कधी परत आला नाही, चिंचेचा भात, मुरुकुलु, आणि महिनाअखेर असली की नुसती मूठभर साखर. आमच्या आईचंही तेच, डबा धुऊन फळीवर ठेवायची आणि त्यात घालायला काही होईस्तोवर द्यायची नाही. वीस वर्षं कोण कुणाचं किती देणं लागतं ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

ह्याला गणितातूनही दुजोरा हाय. रॉबर्ट ॲक्सेलरॉड ह्या अमेरिकन राज्यशास्त्र अभ्यासकानं 1980 च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रामच्या स्पर्धा घेतल्या, प्रत्येक डावात समोरच्याला साथ द्यायची की दगा, एवढंच ठरवायचं. पहिल्या स्पर्धेत 14 प्रोग्राम आलते, दुसऱ्यात 62, आणि दोन्ही वेळा जिंकला अनातोल रॅपोपोर्ट ह्यांचा एकदम साधा प्रोग्राम, सुरुवात साथीनं, नंतर समोरचा करेल तसं. पण खऱ्या आयुष्यात चुकून दगा होतोच की, ताप येतो, एसटी चुकते, आणि मग जशास तसे खेळणारे दोघं एकमेकांवर सूडच उगवत बसतात. नोवाक आणि सिग्मुंड ह्या दोघा गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं की असल्या चुकांच्या दुनियेत अधूनमधून सोडून देणारा जास्त टिकतो. काकांचं "राहू दे अंगावर" म्हणजे हेच, फक्त कॉम्प्युटरशिवाय.

आता कुणी म्हणेल बघा जुनं ते सोनं. थांबा. बलुतेदारीपण अशीच देवाणघेवाण म्हणून सांगितली जाते, पण तिथं तुमचं काम जातीनं ठरायचं, नाही म्हणायची सोय नाही आणि मापाची पायली दुसऱ्याच्या हातात. महार वतनाच्या ह्या वेठीविरुद्ध आंबेडकरांनी 1928 मध्येच मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं, ती वतनं कायद्यानं गेली 1958 च्या ॲक्टनं. त्या माणसांना हातात रोख मजुरी मिळणं ही सुटकाच होती. ज्यातून बाहेर पडता येत नाही त्याला पैरा म्हणू नये, एवढं माझं मत.

बाहेर पडता येणारे प्रकार झालेतही. जपानमध्ये ओसाकाला तेरुको मिझुशिमा ह्या गृहिणीनं 1973 मध्ये श्रमाची बँक काढली, बायका एकमेकींच्या बाळंतपणाला, आजारपणाला तास द्यायच्या आणि ते तास खात्यावर जमा. आणि आपल्याकडची भिशी तर घरोघरी! कागद नाही, व्याज नाही, पहिल्याच महिन्यात उचललेली बाई शेवटच्या महिन्यापर्यंत भरत राहते, कारण रोज एकाच नळावर भेटायचंय. माझ्या बायकोच्या भिशीतून मात्र एक बाई उचल घेऊन गाव सोडून गेली, तेव्हा असंही होतं.

तो पुण्याचा पोरगा दिवाळीत आला, काकांच्या कांद्याला दोन दिवस राबला आणि जाताना काकूनं त्याला पोतंभर कांदा बांधून दिला. आता परत त्याच्याच अंगावर बसलं.